सात दिवसांत तेरा शतके

दक्षिणेच्या सहलीची आखणी बहुधा ठिकाणांच्या संख्येवर होते. सात दिवस, दहा-बारा ठिकाणे आणि प्रत्येकाच्या वाट्याला दीड-दोन तास! कर्नाटकातील राजवाडे, मंदिरे आणि भग्नावशेष यांच्या बाबतीत मात्र ही समान वाटणी न्याय्य ठरत नाही. या तिन्ही प्रकारच्या वास्तू पाहणाऱ्याकडून सारखाच वेळ मागत नाहीत.

म्हैसूरचा राजवाडा सर्वांत कमी वेळ मागतो. जुना लाकडी राजवाडा १८९७ मध्ये आगीत भस्मसात झाला. त्यानंतर हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार उभारलेली आजची वास्तू १९१२ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे १८८८ मध्ये बांधून झालेल्या मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून ती धाकटी आहे. कल्याणमंडपातील ओतीव लोखंडी खांब तर ग्लासगोहून आलेले. रविवारी सायंकाळी जवळजवळ एक लाख दिव्यांनी उजळणारे तिचे वैभव डोळे दिपवते, यात शंका नाही. परंतु तेथे सारे काही अखंड आणि मांडून ठेवलेले आहे; प्रेक्षकाच्या कल्पनाशक्तीला फारसे काम उरत नाही. अर्धा दिवस तिला पुरतो.

मंदिरांचे तसे नाही. बेलूरचे चेन्नकेशव मंदिर १११७ मधील. हळेबीड तेथून अवघ्या १६ किलोमीटरवर. होयसळ शिल्पींनी निवडलेला दगड खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होत जातो. म्हणूनच दागिन्यांच्या कडा सोनाराच्या हातच्या वाटाव्यात इतक्या बारीक कोरता आल्या. दोन-चार प्रसिद्ध मूर्तींपुढे छायाचित्र काढून निघणाऱ्याला हे दिसणार कसे? आपल्याकडे मंदिरे घडवणारे हात बहुधा निनावी राहिले. होयसळ शिल्पींनी मात्र मूर्तींखाली नावे कोरली. सोमनाथपूरच्या मंदिरात मल्लितम्म हे नाव वारंवार भेटते. २०२३ मध्ये या तिन्ही ठिकाणांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. गर्दी त्यामुळे वाढेल; थांबून पाहणाऱ्यांची संख्याही वाढायला हवी.

सर्वाधिक वेळ मागतात ते भग्नावशेष, आणि सहलीच्या वेळापत्रकात कात्री लागते तीही त्यांनाच. विजयनगरची स्थापना परंपरेने १३३६ ची मानली जाते. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर ही राजधानी लुटली गेली. हंपीत आज राजवाड्यांची केवळ जोती उरली आहेत, कारण वरचे बांधकाम मुख्यतः लाकडासारख्या नाशवंत साहित्याचे होते. मंदिरे दगडी होती, म्हणून ती टिकली. १५२० च्या सुमारास दोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने येथील महानवमीचा उत्सव पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले. त्या उत्सवाच्या भव्य चौथऱ्यावर उभे राहिले की रिकामे पटांगण मनाने भरून काढावे लागते. हे काम घाईत होत नाही.

मराठी माणसासाठी हंपीत आणखी एक जागा आहे. पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवर २०१७ पासून जो दगडी रथ छापला जातो, तो येथील विठ्ठल मंदिराच्या प्रांगणातला. वस्तुतः ते गरुडाचे मंदिर. मुख्य गाभारा मात्र रिकामा आहे. येथे आणलेली पंढरीची मूर्ती एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी परत नेली, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. त्या गाभाऱ्यापुढे पाच मिनिटांत आटोपते घेणे शोभत नाही.

हंपीचे ऊन, खडक आणि चाल वृद्धांना व मुलांना सोसवत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर उपाय हंपी कमी करणे हा नाही. डिसेंबर-जानेवारीत जावे, सकाळ-सायंकाळ पाहावे आणि दुपारी विश्रांती घ्यावी. त्यासाठीही दिवस जास्तच हवेत.

सोलापूर-विजयपूर मार्गाने रेल्वेने बदामीला उतरून दक्षिणेकडे सरकणे सोयीचे. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात ५७८ चा शिलालेख आहे. पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर पाहताना वेरूळचे कैलास लेणे आठवते. अभ्यासक त्या दोहोंत नाते मानतात. ऐहोळेच्या ६३४ च्या प्रशस्तीत तर नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख आहे. या परिसराला दोन दिवस, हंपीला अडीच, हासनपर्यंतच्या प्रवासाला अर्धा, बेलूर-हळेबीडला एक आणि सोमनाथपूरसह म्हैसूरला एक, अशी वाटणी अधिक न्याय्य होईल. या हिशेबात बेंगळूरुची खरेदी आणि उटी सुटते. ती सुटू द्यावी. ती पुढच्या रजेतही करता येईल.