घोड्याऐवजी सायकल

आम्ही दोघे मराठी शिकवतो. एक अमरावतीत, एक अकोल्यात. विडंबनकाव्य शिकवण्याची वेळ आली की दोघांचीही अडचण एकच असते. केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी ज्या रविकिरण मंडळाची आणि इतर समकालीन कवींची थट्टा केली होती, त्यांच्या कविता वाचकांच्या ओठांवर होत्या. आज आम्हांला आधी मूळ कविता सांगावी लागते, तिच्या लकबी दाखवाव्या लागतात, मग विडंबन वाचायचे आणि विद्यार्थी हसतील अशी आशा करायची. विद्यार्थी सभ्य असतात. हसतात. पण ते हसणे पाच गुणांच्या टिपेसाठीचे असते.

उलट, वर्गातल्या कुणी कमरेचा पट्टा हातात घेऊन, तो जमिनीवर घासत दोन पावले टाकली, तर गब्बरसिंग आला हे दर्यापूर-तेल्हाऱ्याकडून येणाऱ्या मुलांनाही सांगावे लागत नाही. विडंबन हा मुळात वाचनाचा प्रकार आहे, आणि तो आज आपल्याकडे कवितेपेक्षा चित्रपटात अधिक जिवंत आहे, असे आमचे मत आहे. मारधाडपटांची, काउबॉयपटांची टर उडवणारे चित्रपट पाहताना आम्हांला जो आनंद होतो, तो ‘टाइमपास’ या शब्दाआड लपवण्याचे काही कारण आम्हांला दिसत नाही.

वेस्टर्नच्या बाबतीत तर मूळ आणि नक्कल हा भेदच डळमळीत आहे. कुरोसावाचा ‘योजिम्बो’ १९६१चा. त्यावरून सर्जिओ लिओनी या इटालियन दिग्दर्शकाने १९६४ मध्ये ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ केला. चित्रण स्पेनमध्ये, गोष्ट मेक्सिकोच्या सीमेवरची. कुरोसावाच्याच ‘सेव्हन सामुराय’चा (१९५४) हॉलिवुडने ‘द मॅग्निफिसेंट सेव्हन’ (१९६०) करून टाकला. ही सगळी धूळ अंगावर घेऊन १९७५ मध्ये ‘शोले’ आला आणि त्याचे रामगढ कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत उभे राहिले. त्याआधी ‘मेरा गांव मेरा देश’मध्ये (१९७१) धर्मेंद्र आणि डाकू जब्बरसिंग येऊन गेले होतेच. चोरीची फिर्याद नोंदवायची तर कोणत्या ठाण्यात?

या मालिकेतला आम्हांला सर्वांत मोलाचा वाटणारा दुवा महाराष्ट्रातच आहे. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. शुक्रवारी माग बंद आणि चित्रपटगृहे भरलेली. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी २०००च्या सुमारास गावातल्याच माणसांना घेऊन, तुटपुंज्या पैशांत ‘मालेगाव के शोले’ केला. डाकूंना घोडे परवडेनात म्हणून ते सायकलींवर आले. आगगाडीची जागा बसने घेतली.

हा विनोद नुसता स्वस्ताईचा नाही. वेस्टर्नमध्ये घोडा हे केवळ वाहन नसते. नायकाला जमिनीपासून चार हात उंच ठेवणारी ती बैठक असते. सायकल ही मागावर जाणाऱ्या कामगाराची. डाकू पेडल मारू लागला, त्याला धाप लागली की पराक्रम नावाच्या गोष्टीत पैशाचा, सत्तर मिलिमीटर पडद्याचा आणि पार्श्वसंगीताचा वाटा किती, ते उघड होते. ठाकूरच्या वाड्यासमोर सगळे गाव अदबीने का उभे, हा प्रश्न मूळ चित्रपट आपल्याला पडूच देत नाही. सायकलस्वार डाकूंच्या मुलखात मात्र कुणाचाच रुबाब शाबूत राहत नाही. ‘शोले’वरचे असे भाष्य आम्ही समीक्षाग्रंथांत फारसे वाचलेले नाही, आणि ते करणाऱ्यांचे ‘शोले’वर जीव ओवाळून टाकण्याइतके प्रेम होते, हे विशेष. द्वेषातून चांगले विडंबन क्वचितच होते.

फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात नासिर शेख यांचा पुढचा उद्योग दिसतो. सरकत्या चित्रणासाठी सायकल, उंचावरून चित्रणासाठी बैलगाडी. सुपरमॅन झालेले शफीक शेख हे यंत्रमाग कामगार, अंगाने काडीसारखे. २०११ मध्ये ते कर्करोगाने वारले. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. तो नेटका आहे, डोळ्यांत पाणीही आणतो. पण ज्या ओबडधोबड हसण्याची ती गोष्ट, ते हसणे त्यात बरेचसे इस्त्री करून ठेवले आहे असे आम्हांला वाटले.

मराठी प्रेक्षकाला हे हसणे परके वाटू नये. तमाशाच्या वगात राजा जे गांभीर्याने बोलतो ते सोंगाड्या तिथल्या तिथे उलटे करतो, आणि तरी वग मोडत नाही. महेश कोठारे यांच्या ‘धडाकेबाज’मध्येही (१९९०) कवटीच्या मुखवट्याचा महाकाल पुरेसा भीतिदायक असतो आणि लक्ष्मीकांत बेर्डे त्याच चौकटीत धमाल करत असतात. आमच्या पिढीने ते दोन्ही एकाच श्वासात स्वीकारले.

सगळीच टवाळी आम्हांला चालते असे नाही. दूरचित्रवाणीवर पुरुषाला लुगडे नेसवून चित्रपटाच्या नावाने जे केले जाते, त्यात मूळ कृती वाचल्याची खूण नसते. ती नक्कल, विडंबन नव्हे. ‘क्विक गन मुरुगन’मधला (२००९) शाकाहारी दाक्षिणात्य काउबॉय ही कल्पना फक्कड, पण वाहिनीवरच्या काही सेकंदांच्या तुकड्यांसाठी जन्मलेली, दीड तासात तिचा दम उखडतो. मात्र विडंबन हे बांडगूळ आहे, या नेहमीच्या आक्षेपाला ‘डॉन किहोते’ची आठवण करून द्यावी लागते. १६०५ मध्ये त्या पुस्तकाने ज्या शिलेदारी कथांची टर उडवली, त्या आज बहुतेकांना त्याच्यामुळेच ठाऊक आहेत.

खरी काळजी वेगळी आहे. अमरावती हे चित्रपटव्यवसायाच्या ‘सीपी-बेरार’ वितरणक्षेत्राचे जुने ठाणे. तो प्रांत नकाशावरून गेला, धंद्याच्या भाषेत राहिला. शहरातले राजकमल, श्याम, चित्रा हे चौक टॉकीजांची नावे लावून आहेत. तिथे एकत्र बसून पाठ झालेला ‘शोले’ आमच्या विद्यार्थ्यांनी बहुधा सलग पाहिलेला नाही. गब्बर त्यांना जाहिरातींतून, मोबाइलवरच्या चित्रफितींतून, म्हणजे विडंबनांतूनच भेटला आहे. आम्ही विचारतो तेव्हा ठाकूरचे हात सांगता येतात. ते का तोडले, हे सांगताना मात्र वर्गात कुजबुज सुरू होते.