घराची सोडत आणि भाडेकरूचा कागद

म्हाडाच्या मुंबई मंडळाने २०२४ मध्ये काढलेल्या सोडतीत २,०३० घरे होती. अनामत रक्कम भरून आलेले अर्ज एक लाखाहून अधिक होते. म्हणजे एका घरामागे पन्नासहून अधिक अर्जदार. सोडतीच्या दुसऱ्या दिवशी विजेत्यांची छायाचित्रे छापून येतात. ज्यांचा क्रमांक लागला नाही ते कोठे परतले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्यांतील बहुतेक पुन्हा भाड्याच्या खोलीत परततात. आपल्याकडे सार्वजनिक गृहनिर्माण आणि भाडेकरूंचे हक्क हे दोन स्वतंत्र विषय मानले जातात. प्रत्यक्षात अर्ज करणारा आणि भाडे भरणारा हा बहुधा एकच माणूस असतो आणि त्याचे दोन्हीकडचे भवितव्य एकाच कागदावर अवलंबून असते. तो कागद म्हणजे नोंदणीकृत भाडेकरार.

शासन हे नेहमीच घरे विकणारे नव्हते. मुंबईतील वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या त्या भाड्याने देण्यासाठी. औद्योगिक कामगारांसाठी केंद्राने १९५२ मध्ये सुरू केलेली अनुदानित गृहयोजनाही भाड्याच्या घरांचीच होती. पुढे भाडे वसूल होईना, दुरुस्तीचा खर्च पेलवेना, तेव्हा ही घरे रहिवाशांच्या नावे करण्याकडे शासनांचा कल वाढला. तेव्हापासून सार्वजनिक गृहनिर्माण म्हणजे मालकीचे घर हे समीकरण रूढ झाले. शहरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मधील ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले, याची नोंद २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने घेतली आहे.

या घसरणीला मागणीचा अभाव कारणीभूत नाही. केंद्राने नेमलेल्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये शहरी घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख असल्याचे सांगितले होते आणि त्यातील सुमारे ९६ टक्के तूट दुर्बल व अल्प उत्पन्न गटांतील होती. त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. घराला कुलूप लावून ठेवणे मालकाला भाडे मिळवण्यापेक्षा सुरक्षित का वाटते, याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे.

मुंबईच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. युद्धोत्तर टंचाईत ते आवश्यकही होते. मात्र तात्पुरता उपाय पन्नास वर्षे टिकला. इमारती मोडकळीस आल्या, कारण दुरुस्तीइतकेही भाडे येईना. १९७३ मध्ये आणखी एक वळण आले. त्या वर्षी १ फेब्रुवारीला लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना कायद्याने संरक्षित भाडेकरूचा दर्जा दिला. ‘भाडेकरू ठेवला की घर गेले’ ही घरमालकांची भीती तेव्हापासूनची आहे आणि ती निराधार होती असे म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी यापुढे वाजवी राहिलेल्या नाहीत असा निर्वाळा दिल्यावर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला व ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

दिल्लीची कथा वेगळी, पण निष्पत्ती तीच. तेथील १९५८ च्या कायद्याचे संरक्षण मासिक ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या घरांना नाही. आजच्या दिल्लीत त्या रकमेत कोणते घर मिळते, हे वाचकांनीच ठरवावे. संसदेने १९९५ मध्ये नवा कायदा संमत केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. पण तो लागू करण्याची अधिसूचना कधीच निघाली नाही. जुने भाडेकरू भक्कम संरक्षणात आणि नवे जवळजवळ उघड्यावर, अशी विभागणी त्यातून झाली.

नव्यांच्या वाट्याला आला तो अकरा महिन्यांचा करार. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी देशभर अकरा महिन्यांचा संकेत रूढ झाला. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट नाही. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स असो वा भाडे, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, करार नोंदलेला नसेल आणि वाद उद्भवला, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोडून काढण्याचा भार मालकावर असतो. नोटरीचा शिक्का किंवा पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती म्हणजे नोंदणी नव्हे. हा गैरसमज सुशिक्षितांतही व्यापक आहे.

नोंदणीचे मोल विशेषतः सोडतीच्या खिडकीपाशी कळते. म्हाडाच्या अर्जासाठी महाराष्ट्रातील पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा, म्हणजे अधिवासाचा, दाखला लागतो. उत्पन्नाचा पुरावा लागतो. मुंबई मंडळात वार्षिक सहा लाखांपर्यंतचे कुटुंब अत्यल्प, नऊ लाखांपर्यंतचे अल्प आणि बारा लाखांपर्यंतचे मध्यम उत्पन्न गटात मोडते. २०२३ पासूनच्या संगणकीय प्रणालीत ही कागदपत्रे सोडतीनंतर नव्हे, आधीच तपासली जातात. यामुळे विजेता ठरल्यावर अपात्र होण्याचे प्रकार टळतात, हे खरे. परंतु दर अकरा महिन्यांनी घर बदलणाऱ्या, नोंदणीकृत करार कधीच हाती न आलेल्या कुटुंबाला एवढ्या वर्षांचा पत्ता सिद्ध करणे सर्वांत जड जाते. ज्याला घराची गरज अधिक, त्याच्याकडे घराचा पुरावा कमी. या कोंडीकडे धोरणकर्त्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. उलट, २०२३ च्या सोडतीत ताडदेवची काही घरे साडेसात कोटी रुपयांच्या आसपास किमतीची होती. सार्वजनिक संस्थेने ती कोणासाठी ठेवली, हा प्रश्न तेव्हाही उपस्थित झाला होता.

राज्याबाहेरील मराठी कुटुंबांना हे नियम आणखी वेगळे भेटतात. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या योजनांत भारतीय नागरिकत्व पुरेसे असते, अधिवासाची अट नसते. सप्टेंबर २०२४ पासून राबवल्या जाणाऱ्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये देशात कोठेही कुटुंबाच्या नावे पक्के घर नसावे, अशी अट आहे. म्हणजे नोकरीसाठी बंगळुरू वा हैदराबादेत भाड्याने राहणाऱ्याच्या नावावर गावाकडे पक्के घर असेल, तर तो या योजनेत बसत नाही. ‘कुटुंब’ म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित अपत्ये, हेही अर्जापूर्वी पाहून घ्यावे. उत्पन्नाची मर्यादा येथे साधारणतः तीन, सहा आणि नऊ लाख अशी आहे. म्हाडाचे आकडे येथे गृहीत धरल्यास अर्ज चुकतो.

याच योजनेत परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे आणि तो स्वागतार्ह आहे. त्याची पार्श्वभूमी २०२० ची. टाळेबंदीत, २९ मार्च २०२० रोजी, केंद्रीय गृह मंत्रालयाने स्थलांतरित कामगारांकडून महिनाभर भाडे मागू नये आणि कामगारांना वा विद्यार्थ्यांना घराबाहेर काढू नये, असा आदेश दिला. पण ज्यांच्याकडे करारच नव्हता, त्यांनी तो आदेश दाखवायचा तरी कशाच्या बळावर? महामार्गांवरून पायी निघालेल्यांचे तांडे देशाने पाहिले. त्यानंतर जुलै २०२० मध्ये भाडे-संकुलांची योजना मंजूर झाली. सरकारी निधीतून बांधलेली सुमारे ८३ हजार घरे रिकामी असल्याचे तेव्हा दिसून आले. त्यातील सहा हजारांहूनही कमी घरे भाड्याने देण्यासाठी बदलली गेली. चंदीगडमध्ये २,१९५ घरे या मार्गाने उपलब्ध झाली, हा त्यातला उल्लेखनीय अपवाद.

आदर्श भाडेकरार कायद्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मान्यता दिली. निवासी घरासाठी दोन महिन्यांहून अधिक अनामत घेऊ नये, मालकाने घरात येण्यापूर्वी चोवीस तासांची सूचना द्यावी, वाद असला तरी पाणी-वीज तोडू नये, भाडेवाढीची तीन महिने आधी कल्पना द्यावी, असे त्यात म्हटले आहे. मालकालाही आधार आहे: मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याकडून पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे घेता येते. बंगळुरूत दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची प्रथा ज्यांनी अनुभवली, त्यांना पहिल्या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मात्र हा केवळ नमुना आहे. कायदा करणे राज्यांच्या हाती असून उत्तर प्रदेश, आसाम, आंध्र प्रदेश, तमिळनाडू अशा मोजक्या राज्यांनीच त्या धर्तीवर कायदे केले. तमिळनाडूत अनामतीची मर्यादा तीन महिन्यांची आहे. तेव्हा वृत्तपत्रातील बातमी वाचून मुंबईच्या किंवा दिल्लीच्या घरमालकाला दोन महिन्यांची मर्यादा दाखवून उपयोग नाही.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या काटेकोर अर्थाने ‘भाडेकरू’ही नसतो, तो परवानाधारक असतो आणि भाडेकरूची बरीच संरक्षणे त्याला नाहीत. मुदत संपल्यावर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतो आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट शुल्कही. पण त्यासाठी मालकाला त्या प्राधिकाऱ्याकडे जावे लागते. कुलूप बदलण्याचा अधिकार कायदा देत नाही. करारावर एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि शहरी भागात एक हजार रुपये नोंदणी शुल्क पडते, अनामतीवरील हिशेब त्यात थोडी भर घालतो. आधार आणि बोटांच्या ठशांच्या साहाय्याने ही नोंदणी घरबसल्या होते. मालक नकार देत असेल, तर भाडे बँकेमार्फतच द्यावे आणि भाड्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. राहत असल्याचा पुरावा म्हणून पुढे त्याच हाती असतात.