आभाळाची नोंद शाळेच्या फळ्यावर हवी

ऑक्टोबरची गोडी छाटणी उरकली की आमच्या दिंडोरी तालुक्यातला द्राक्षबागायतदार दिवसातून दहादा मोबाइलवर हवामान बघतो. मीही बघतो. पण त्यातले ‘ढगाळ’ फवारणीसाठी फारसे कामाचे नाही. उंचावर सिरस ढगांचे पांढरे तंतू पसरले असतील तर बागेला धोका नसतो. राखाडी स्ट्रॅटस सकाळभर खाली टेकून राहिला तर पानांवरची ओल वाळत नाही आणि फुलोऱ्यातल्या घडावर डाऊनी रोग चढतो. मोबाइलवर ढगाचे चित्र दोन्ही दिवशी तेच.

इन्सॅट उपग्रह ३६ हजार किलोमीटरवरून बघतो, त्याला ढगाचा माथा दिसतो. वर दाट पडदा असला की खाली काय शिजतेय ते झाकून जाते. ढगाचे बूड दिसते ते आपल्याला. महसूल मंडळातले स्वयंचलित हवामान केंद्र पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा मोजते. ढग कोणता, ते त्याला कळत नाही. वेधशाळेतला निरीक्षक मात्र आभाळाचे आठ भाग कल्पून किती झाकले ते लिहितो. खालचे, मधले, वरचे ढग वेगळे नोंदवतो. नववीच्या पोरांना हे सहज जमेल. शाळेच्या भूगोलात ढगांची नावे आहेतच, पण ती परीक्षेपुरती.

सिरस, स्ट्रॅटस, क्युम्युलस ही नावे १८०२ साली लंडनच्या ल्यूक हॉवर्डने सुचवली. धंद्याने तो औषधे बनवणारा. म्हणजे फवारणीचा सल्ला औषधवाल्याला विचारायची आमची खोड अगदीच निराधार नाही!

चंद्राला खळे पडले की पाऊस, असे आमची आजी म्हणायची. खळे दिसते ते सिरोस्ट्रॅटसमधल्या बर्फकणांमुळे. पाऊस येतोच असे नाही. पण आमच्या गावात दहांपैकी किती वेळा येतो, हे ताडून बघायला कुणाकडे वही नाही.

२६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीने निफाडकडच्या बागा झोडपल्या. गारा पट्ट्यापट्ट्याने पडतात, इशारा जिल्ह्याला मिळतो. शेवटच्या तासा-दोन तासांत आभाळच बघावे लागते. दुपारी चढत चाललेल्या क्युम्युलसच्या कडा ठळक आहेत तोवर थोडा वेळ हाताशी असतो. माथा धुरकटून ऐरणीसारखा आडवा पसरला, की वर बर्फ झाले समजावे आणि मजुरांना बागेतून घराकडे काढावे. वीज पावसाची वाट बघत नाही.

म्हणून जिल्हा परिषदेने प्रत्येक शाळेच्या दर्शनी भिंतीवर एक फळा द्यावा. सकाळी आणि शाळा सुटताना पोरांनी लिहावे: आठांपैकी किती आभाळ झाकले, ढग कोणता, वारा कुठून. तीच नोंद वहीत उतरवून ग्रामपंचायतीत ठेवावी. सुरुवात मात्र जूनला नको. पावसाळ्यात आभाळ सलग भरलेले असते, नवख्याला थर वेगळे करता येत नाहीत. ऑक्टोबरला करावी, तेव्हा ढग सुटे असतात, आणि आम्हालाही या नोंदींची गरज तेव्हाच असते.