गाठ कापण्याआधी गाठ ओळखा

मांडीत, दंडात किंवा पाठीत गाठ आली की आपल्या वस्तीत दोन गोष्टी घडतात. काहीजण घाबरून कर्ज काढतात आणि सरळ एमआरआय करून येतात. काहीजण लेप लावतात, चोळून घेतात आणि शेवटी जवळच्या छोट्या दवाखान्यात गाठ काढून टाकतात. माझ्या मते दोन्ही चूक. पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात पाय जाऊ शकतो.

आधी धीर धरा. अंगावरच्या बहुतेक गाठी साध्या असतात. चरबीची गाठ, मनगटावरची पाण्यासारख्या द्रवाने भरलेली गाठ, रक्तवाहिन्यांचा गुंता, अशा. स्नायू, चरबी अशा मऊ भागांत होणाऱ्या कॅन्सरला सार्कोमा म्हणतात. मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये तो साधारण १ टक्का. इतका कमी, म्हणून तो कोणाच्या लवकर डोक्यात येत नाही, आणि तिथेच घात होतो.

कोणती गाठ घेऊन घरी बसायचे नाही? ५ सेंटिमीटरहून, म्हणजे मोठ्या लिंबाहून मोठी; वाढत जाणारी; आत स्नायूत रुतलेली; एकदा काढून परत आलेली. दुखत नाही म्हणजे साधीच, हा समज सोडा. सार्कोमा बऱ्याचदा दुखत नाही. हमाली किंवा बांधकामावर जाणारे म्हणतात, ‘मार लागला होता, रक्त साकळलंय.’ साकळलेले रक्त काही आठवड्यांत ओसरू लागते. ओसरत नसेल तर दाखवा.

पहिली तपासणी सोनोग्राफी. लहान, वरवरची, मऊ गाठ असेल तर बहुधा तेवढ्यावर भागते. गाठ मोठी किंवा खोल असेल, किंवा शंका राहिली, तरच एमआरआय.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मोठे लोहचुंबक आणि रेडिओ लहरी यांनी शरीरातल्या पाण्याचा आणि चरबीचा फोटो निघतो. मशीन जोरात आवाज करते, अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहावे लागते. मंगळसूत्र, जोडवी, सेफ्टी पिन काढून ठेवा. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल, किडनीचा आजार असेल, गरोदर असाल, तर आधीच सांगा.

चरबी या फोटोत पांढरी दिसते. मग मशीनवर चरबी काळी करणारा फोटो घेतात. त्यात पूर्ण गाठ आजूबाजूच्या चरबीसारखीच काळी झाली, तर ती चरबीची साधी गाठ. अशा काही गाठी एमआरआय खात्रीने ओळखतो. गाठ किती खोल आहे, नसेला आणि रक्तवाहिनीला चिकटली आहे का, हेही दाखवतो.

पण प्रत्येक गाठीचा निकाल एमआरआय देत नाही. सार्कोमाची कडासुद्धा गुळगुळीत दिसू शकते. काही सार्कोमा पाण्याच्या गाठीसारखे दिसतात. म्हणून रिपोर्टमध्ये शंका लिहिली असेल तर सुईने तुकडा काढून बायोप्सी करावीच लागते. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ या भीतीपोटी लोक पळून जातात. एमआरआय बघून, पुढे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने जागा ठरवून घेतलेली सुई सुरक्षित असते.

म्हणून क्रम पाळा: सोनोग्राफी, एमआरआय, बायोप्सी आणि मगच ऑपरेशन. मी नर्स असताना बाहेरून गाठ काढून आलेले रुग्ण पाहिले आहेत. आत काय राहिले ते कळत नाही, काढलेला भाग तपासणीला पाठवलेलाच नसतो. मग दुसरे, आणखी मोठे ऑपरेशन. क्रमाने गेले तर कॅन्सरच्या मोठ्या रुग्णालयांत आज बहुतेकांचा हात-पाय वाचवता येतो. कोणत्याही दवाखान्यात गाठ काढली तर ती तपासणीला पाठवली का, हे विचारा आणि रिपोर्ट जपून ठेवा.

आता पैशाचे. सरकारी रुग्णालयात एमआरआयची तारीख लांबची मिळते, म्हणून लोक खासगीत जातात आणि दागिने गहाण पडतात. त्याआधी केसपेपरवर ‘सार्कोमाचा संशय’ असे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो दाखवून लवकरची तारीख मागा. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन भेटा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ती मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे.

माझी मागणी साधी आहे. संशयित गाठीच्या रुग्णाला सरकारी रुग्णालयाने एमआरआयच्या रांगेत पुढे घ्यावे. गरिबाची गाठ रांगेत वाढत राहते, हे थांबले पाहिजे. आणि आपण एवढे करू या, शेजारच्या बाईच्या मांडीला मोठी गाठ दिसली तर लेप सुचवायचा नाही. तिच्यासोबत रुग्णालयात जायचे.