शब्दांची कुळकथा : 'चाओ'

इटलींत पाऊल ठेवतांच प्रवाशाच्या कानीं पडणाऱ्या पहिल्या शब्दांपैकीं एक म्हणजे 'चाओ'. दोन स्नेही भेटले कीं 'चाओ' म्हणतात, आणि निरोप घेतांनाही 'चाओ'च म्हणतात. एखाद्या गोष्टीचा नाद सोडावयाचा असला तरी 'आणि चाओ!' म्हणून हात झटकतात. मात्र हा शब्द सलगीचा. वडीलधाऱ्या किंवा अपरिचित माणसास 'बुओंजोर्नो', म्हणजे 'शुभ दिवस', असेंच म्हणणें शिष्टसंमत होय.

अशा मोकळ्या शब्दाचें कूळ मात्र विलक्षण आहे. व्हेनिसच्या बोलींत 'स्च्याओ' म्हणजे गुलाम. 'मी आपला गुलाम आहें' असें अभिवादन तेथें रूढ होतें. तें झिजतां झिजतां 'चाओ' एवढेंच उरलें. गोल्दोनीच्या १७५३ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'ला लोकांदिएरा' या नाटकांतील उमरावही स्नेह्यांपुढें स्वतःस असाच 'गुलाम' म्हणवितो.

याच्याही मागें गेलें तर मध्ययुगीन लॅटिनमधील 'स्क्लावुस' हा शब्द भेटतो. मुळांत हें स्लाव्ह लोकांचें नांव. त्यांना इतक्या मोठ्या संख्येनें धरून विकण्यांत आलें कीं, त्या लोकांचें नांव तेंच गुलामाचें नांव होऊन बसलें. इंग्रजी 'स्लेव्ह' हाही त्याच कुळांतला. या विक्रयांत व्हेनिसचे व्यापारीही होते.

आम्हांस यांत परकें कांहींच वाटत नाहीं. ऋग्वेदांत 'दास' हा शब्द शत्रुजनांस उद्देशून येतो. पुढें त्याचाच अर्थ गुलाम असा झाला. आणि शेवटीं भक्तांनीं तो भूषण म्हणून आपल्या नांवास जोडला. पत्राखालीं 'दासानुदास' अशी सही करणारे आमचे वाडवडील कोणाचेहि गुलाम नव्हते. येथेंच विचार करण्यासारखी गोष्ट आहे. स्वतःस दास म्हणविण्याची नम्रता स्वतंत्र माणसासच शोभते. बाजारांत विकावयास उभ्या केलेल्या स्त्रीपुरुषांस तशी निवड कोठली?

असो. परदेशीं शिकून आलेला एखादा नातू निरोप घेतांना 'चाओ' म्हणाला, तर आजोबांनीं रागावूं नये. नकळत कां होईना, तो मोठ्या नम्रतेचें वचन बोलला आहे! मात्र त्यास जवळ बसवून ही कुळकथा अवश्य सांगावी. शब्द आपलें दुःख विसरतात. तें बोलणाऱ्यांनीं विसरूं नये.