दोन विधिमंडळे, दोन ठराव आणि एकच काँग्रेस

डिसेंबर २०२२ मध्ये अवघ्या पाच दिवसांच्या अंतराने दोन ठराव संमत झाले. २२ तारखेला कर्नाटकाच्या विधिमंडळाने आमच्याच बेळगावात बसून महाराष्ट्राला तसूभरही जमीन देणार नाही असे ठरविले. २७ तारखेला महाराष्ट्राच्या विधिमंडळाने नागपुरात बसून सीमाभागातील ८६५ गावांची इंच न् इंच जमीन मिळविण्याचा निर्धार केला. दोन्ही ठराव एकमताने झाले. याचा सरळ अर्थ असा की, दोन्हीकडच्या काँग्रेस आमदारांनी दोन्हीकडे मान डोलावली. भारतीय जनता पक्षानेही तेच केले, हे आम्ही जाणतो. परंतु त्या पक्षाकडून भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांची अपेक्षा आम्ही कधी बाळगली नव्हती. उठता बसता राज्यघटनेची शपथ घेणाऱ्या पक्षाला मात्र जाब विचारणे आमचे कर्तव्य आहे.

भाषावार प्रांतांचे तत्त्व काँग्रेसने १९२० साली नागपूरच्याच अधिवेशनात स्वीकारले आणि आपल्या प्रांतिक समित्या भाषेनुसार बांधल्या. स्वातंत्र्य हाती येताच तिला या तत्त्वाची भीती वाटू लागली. नेहरू, पटेल, पट्टाभी यांच्या समितीने १९४९ साली हा प्रश्न पुढे ढकलला. संयुक्त महाराष्ट्र झाला तो कोणाच्या औदार्याने नव्हे. गिरणी कामगार, शेतकरी आणि डावे पक्ष एकत्र आले, डांगे आणि एस. एम. जोशी एका व्यासपीठावर उभे राहिले आणि १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडाला, तेव्हा कोठे १ मे १९६० उजाडला. त्या लढ्यात उतरलेला सीमाभाग मात्र बाहेरच राहिला.

पुढचा इतिहासही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला तेव्हा दिल्लीत काँग्रेस, मुंबईत काँग्रेस आणि बंगळूरातही काँग्रेसच होती. देशाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण होते. घरातला प्रश्न घरात मिटवण्याची याहून चांगली संधी कोणती? तरीही घोंगडे भिजत पडले. २००४ साली महाराष्ट्रातील काँग्रेस आघाडीच्या सरकारने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि २०१० साली काँग्रेसच्याच नेतृत्वाखालील केंद्र सरकारने त्याच न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन भाषा हा एकमेव निकष नसल्याचे सांगितले. फिर्यादीही तेच आणि प्रतिवादीही तेच! बळी मात्र सीमावासीयांचा.

याला चूक म्हणून चालणार नाही. ही या पक्षाची रीत आहे. ज्या त्या प्रांतातील बहुसंख्याकांना दुखवायचे नाही, अल्पसंख्याकांना आश्वासनावर झुलवत ठेवायचे आणि निवडणूक आली की 'आम्हांला मते दिली नाहीत तर जातीयवादी येतील' असा धाक घालायचा. जातीयवादाचा धोका खोटा नाही. शिवरायांचे नाव घेऊन आमच्या पोरांना दंगलीच्या वाटेला लावणारे गावोगाव फिरत आहेत, हे आम्ही शाळेच्या पायरीवरून रोज पाहतो. पण ज्या पोराची भाषा कचेरीत तुच्छ ठरते आणि ज्याच्या हाताला काम मिळत नाही, तोच पोर अशांच्या हाती अलगद सापडतो. त्याला न्याय देण्याऐवजी त्याच्या बापाला भीती दाखवून मते गोळा करणे हा जातीयवादाशी लढण्याचा मार्ग खचितच नव्हे.

२०२३ साली काँग्रेस पाच हमींच्या बळावर कर्नाटकात सत्तेवर आली. घरच्या कर्त्या बाईला महिना २,००० रुपये आणि बसचा मोफत प्रवास यांचा आमच्या आयाबहिणींना उपयोग झाला, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. गरिबाच्या हाती चार पैसे पडले तर कोणाच्या पोटात दुखू नये. पण त्या पैशासाठीचा अर्ज कोणत्या भाषेत? जमिनीचा उतारा, वीज बिल, ग्रामपंचायतीची नोटीस कोणत्या भाषेत? जेथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक आहेत, तेथे महत्त्वाची सरकारी परिपत्रके व नियम त्यांच्या भाषेत द्यावेत, असे केंद्र आणि राज्यांचे धोरण १९६१ पासून ठरलेले आहे. घटनेचे ३५० अ कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची जबाबदारी राज्यांवर टाकते. यासाठी खजिना लागत नाही, इच्छा लागते. ती इच्छा २०२४ साली पाट्यांवर ६० टक्के कानडीची सक्ती करताना मात्र तत्परतेने दिसली.

डिसेंबर २०२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या बेळगाव अधिवेशनाची शताब्दी काँग्रेसने थाटात साजरी करायला घेतली. पुढे जानेवारीत 'जय बापू, जय भीम, जय संविधान' अशी सभाही झाली. त्याच डिसेंबरमध्ये, त्याच शहरात, मराठी भाषिकांच्या मेळाव्याला परवानगी नाकारून कार्यकर्त्यांची धरपकड झाली. सभा भरवण्याचा हक्क संविधानात नाही काय?

कानडी गरीब हा आमचा वैरी नाही, हे आम्ही पुन्हा एकदा स्पष्ट करतो. १९८१ च्या एप्रिलमध्ये निपाणीत तंबाखूला भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या तेव्हा त्या गोळ्यांनी कोणाची मातृभाषा विचारली नाही. तेव्हाही राज्य काँग्रेसचेच होते. उसाचे बिल थकले की मराठी आणि कानडी शेतकऱ्याच्या चुली सारख्याच विझतात. बिल थकवणारे मात्र पक्ष कोणताही असो, सुखात असतात आणि तिकीटही त्यांनाच मिळते.

म्हणून गावोगावच्या बांधवांना आमचे सांगणे आहे. यापुढे मत मागायला कोणी काँग्रेसवाला दारी आला तर त्याला घरात घ्या, चहा द्या आणि तीन प्रश्न विचारा. मराठी परिपत्रके कधी देणार? मराठी शाळांतील शिक्षकांच्या रिकाम्या जागा कधी भरणार? सीमाप्रश्नी तुमच्या पक्षाची बेळगावात आणि नागपुरात एकच भूमिका कधी होणार? उत्तर लेखी मागा. भीतीपोटी दिलेले मत उधारीत जाते आणि ही उधारी आता तिसऱ्या पिढीवर आली आहे. ती चौथ्या पिढीच्या माथी मारायची की नाही, हे ठरवणे आपल्याच हाती आहे.