अंगठा ऑपरेशनला दिला, संशोधनाला नाही!

टिटवाळ्याहून सकाळची लोकल पकडून वस्तीतल्या पेशंटला मोठ्या सरकारी रुग्णालयात नेणं हे माझं नेहमीचं काम. मागे एका मावशींना पित्ताशयाच्या ऑपरेशनला नेलं होतं. आदल्या संध्याकाळी शिकाऊ डॉक्टरांनी दोन कागदांवर त्यांचा अंगठा घेतला. दुसरा कागद कसला, असं मी विचारलं. "स्टडीचा आहे, काही होत नाही." कागद इंग्रजीत होता. मावशी हळूच म्हणाल्या, "राहू दे रे बाळा, नाही म्हटलं तर बेड जाईल."

उद्या या अभ्यासाचा शोधनिबंध छापून येईल. त्यात एक ठरलेलं वाक्य असेल: सर्व रुग्णांची माहितीपूर्ण लेखी संमती घेतली. ते वाक्य कोण तपासणार? आणि जिथे संमतीचं वाक्यच खोटं आहे, तिथल्या आकड्यांवर विश्वास का ठेवायचा?

ही गोष्ट जुनी आहे. १८४० च्या दशकात अमेरिकेत मेरियन सिम्स या सर्जनने गुलाम काळ्या स्त्रियांवर भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. १८५२ मध्ये निबंध छापला आणि पुढे 'आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक' म्हणून मिरवला. अनार्का, ल्यूसी, बेट्सी यांची संमती कुणी विचारली नाही. त्यांच्या मालकांची पुरेशी होती. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा लोकांच्या आंदोलनामुळे २०१८ मध्ये हलवावा लागला.

आपल्याकडचं बघा. १९९८ पासून टाटा मेमोरियल हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बाया. निम्म्या वस्त्यांत व्हिनेगर लावून तपासणी, बाकीच्यांत फक्त आरोग्यशिक्षण. तपासणीच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. स्वस्त तपासणीने जीव वाचतात हे सिद्ध झालं, ते मोलाचंच आहे. पण एरिक सुबा या अमेरिकी डॉक्टरांनी विचारलं: उरलेल्या बायांना तपासणीविना का ठेवलं? त्यांना पुरेसं सांगितलं होतं का? तक्रार अमेरिकी सरकारच्या कार्यालयापर्यंत गेली. संशोधकांचं म्हणणं होतं की देशात अशी तपासणी होतच नव्हती, तेव्हा नेहमीची स्थिती तीच.

मित्रांनो, प्रश्न इथेच आहे. नेहमीची स्थिती कुणाची? पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा, आणि त्या देशात पॅप तपासणी कित्येक दशकं रुळलेली. आधी आपल्या बायांना सोयीपासून वंचित ठेवायचं आणि मग त्या वंचितपणालाच मोजमापाची पट्टी करायची, हा कुठला न्याय?

काही जण म्हणतील, तुम्ही विज्ञानविरोधी आहात. मुळीच नाही. ऐकीव गोष्टीवर किंवा गुरूच्या अधिकारावर विसंबू नका, तपासून घ्या, असं कालामांना सांगणाऱ्या बुद्धाचे आपण अनुयायी. संशोधन हवंच. पण जनरल वॉर्डातला दलित, आदिवासी, मुस्लिम, परप्रांतीय मजूर हा त्यातला सहभागी आहे, कच्चा माल नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासणीला दिलेली संमती म्हणजे गर्भाशय काढायला दिलेली संमती नव्हे. मग उपचाराची संमती संशोधनाची कशी होईल? आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात: माहिती समजेल अशा भाषेत द्या, निरक्षर व्यक्तीसाठी निःपक्ष साक्षीदार ठेवा, नकार दिला म्हणून उपचार थांबवू नका.

म्हणून पेशंटसोबत जाल तेव्हा चार गोष्टी विचारा. हा कागद उपचाराचा की अभ्यासाचा? मराठीत आहे का? त्याची प्रत मिळेल का? एथिक्स कमिटीचा फोन नंबर काय? आवाज चढवायची गरज नाही. वही काढा आणि उत्तरं लिहून घ्या.

त्या दिवशी मी वही काढली नव्हती. आता पिशवीत कायम असते.

जय भीम!